गोड्या पाण्याचा रस्ता

चैत्र होता. अकोल्याला आत्याच्या नातीचं बारसं होतं, आणि बाबांनी ठरवून टाकलं होतं की आपल्याच गाडीनं जायचं. मी म्हटलं, ऊन फार आहे, एसटीनं जाऊ. तर म्हणाले, "जल्मभर एसटीनंच त गेलो, माय."

ते खरंच होतं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. अमरावती-अकोला हा रस्ता त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरी खुर्चीत डुलकी लागली तरी त्यांचे हात मधूनच स्टिअरिंग वळवल्यासारखे हलायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पांढरी गाडी घेतली. कोणीतरी वापरलेली, घेतली तेव्हाच जुनी. आता ती आणखी जुनी झाली होती. नुकतंच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे काही दिवस गाडी चालवायला मनाई होती. काळा चष्मा लावून ते माझ्या शेजारी बसले. बसले म्हणजे काय, त्यांना जिथं जिथं ब्रेक हवा वाटे तिथं तिथं ते उजवा पाय जमिनीवर दाबत होते.

बडनेरा मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी शेतं, त्यांच्यावर उन्हाची वाफ. पुढं डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसायचं. जवळ जावं तर ते आणखी पुढं सरकायचं. मला जरा गुंगीच आली होती. इंजिनचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"थांबव," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"वास नाई येऊन राह्यला तुले? थांबव, बाजूले घे."

तेव्हा आला. तापलेल्या लोखंडाचा, गंजाचा. काटा वर चढला होता. कडुलिंबाखाली गाडी घेऊन बॉनेट उघडलं, तर रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक पिचकारी उडत होती. तिथं हिरवट पांढरं कीट धरलेलं होतं, म्हणजे आधीपासून झिरपत असणार. मी झाकणाकडे हात नेला तसा त्यांनी तो धरला. "थंड होऊ दे आधी. तोंड भाजते."

लिंबाखाली आम्ही बराच वेळ बसलो. लिंबाचा मोहर टपटप पडत होता, त्यांच्या काळ्या चष्म्यावर, माझ्या ओढणीवर. मग फडकं गुंडाळून झाकण उघडलं आणि होत्या त्या दोन बाटल्या आत ओतल्या.

"मूर्तिजापूरपावतो नेऊ," ते म्हणाले. "तिथं भोक झाळून देनारा भेटते. हळू चाल. अन हिटर लाव."

"हिटर? या उन्हात?"

"इंजनचा ताव आपल्या आंगावर घ्याचा. मंग ते तरते."

त्या दिवसाबद्दल सांगताना मला नेहमी वाटतं, तो मी अर्ध्या झोपेत जगले. चारी काचा खाली, बाहेरून गरम वारा, पायांवर हिटरचा झोत, आणि गाडी बैलगाडीपेक्षा जरा बरी म्हणावी अशा चालीनं. ट्रक भोंगे वाजवत पुढं जात होते, त्यांचे आवाज लांबून कुठूनतरी आल्यासारखे वाटत. आणि शेजारी बाबा, डोळे झाकल्यासारखे, रस्ता बोलत होते.

"आता डाव्या हाताले मोठा पिंपय येईन. त्याच्या मागं इहीर."

पिंपळ आला नाही. उड्डाणपूल आला. आम्ही त्याच्यावरून गेलो आणि बाबांनी मान वळवून खाली पाहिलं.

"इथं होती," ते म्हणाले. जरा वेळानं, "पुढच्या मोडावर एक आहे." पण तो मोडच राहिला नव्हता. रस्ता सरळ केला होता. असं दोनतीनदा झालं. त्यांच्या मनातला रस्ता आणि चाकाखालचा रस्ता यांचा मेळ काही बसेना, आणि बाबांचा आवाज बारीक होत गेला.

काटा पुन्हा चढू लागला तेव्हा मला एक हातपंप दिसला. मी आनंदानं बाटली भरून आणली. बाबांनी आधी घोट घेतला आणि थुंकला. "खारं. हे नाई चालत. रेडिएटरची कोर खाऊन टाकते." तो भाग खारपाण पट्ट्याचा. जमिनीखाली पाणी असतं, पण ते ना पिकाला चालत ना माणसाला. गाडीलाही नाही. "गोडंच पायजे," ते म्हणाले आणि एकदम सरळ बसले. "त्या फाट्यावरून आत घे. जुना रस्ता आहे तो. तिथली इहीर गोडी होती."

जुना रस्ता म्हणजे आता बाभळींच्या मधून जाणारी एक भेगाळलेली पट्टी. तिच्या टोकाला एक छोटं गाव, आणि गावाच्या तोंडाशी, खरंच, विहीर. दगडी, गोल. तिच्यावर लोखंडी जाळी ठोकलेली होती. बाबा गाडीतून उतरले आणि जाळीवर तळवा ठेवून उभे राहिले. आत पाहत होते, पण त्या चष्म्यातून त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे.

समोरच्या घराच्या ओसरीत एक बाई सुपात तूर पाखडत होत्या. केस पिकलेले, अंगानं काटक. त्यांनी आमच्या गाडीतून निघणारी वाफ पाहिली आणि सूप खाली ठेवलं.

"तापली का वो?"

"हो, फुटलं रेडिएटर," मी म्हटलं. "थोडं गोडं पाणी मिळेल का?"

"कोनत्या गावचे?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं, आणि मग ते थांबले. पुढचा प्रश्न, आडनावाचा, यायचा आहे असे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. पण बाई केव्हाच आत गेल्या होत्या. येताना एका हातात बादली, दुसऱ्या हातात तांब्या.

"नळाचं आहे, भरून ठेवलेलं. आधी तुमी प्या, मंग गाडीले पाजा."

बाबा ओसरीच्या कडेला बसले आणि तांब्या तोंडाला लावून सगळा प्यायले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि इंजिन थंड होईपर्यंत बोलत राहिले. आधी बोलणं माझ्याशी होतं, मग बहुतेक त्या विहिरीशीच.

"आमच्या गावच्या इहिरीवर आमाले चढू देत नव्हते. आई खाली घागर घेऊन उभी राहे. कोनाले दया आली त वरून ओते. मी तिच्या लुगड्याले धरून. तास तास." त्यांनी सदऱ्यानं हनुवटी पुसली. "मंग ड्रायव्हर झालो. खाकी डरेस. बस तापली का बादली घेऊन जाओ इहिरीवर. कोनी इचारलं नाई कधी. बसले पानी पायजे म्हटलं का सारे बाजूले होत. सोताच्या हातानं दोर सोडो, सोताच्या हातानं ओढो. पयली बादली मी पेत होतो. मंग बस."

आमच्या घरी मी पहिल्यापासून नळच पाहिला होता. हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

"खोटं काहून बोलू," ते म्हणाले आणि गालात हसले. "कधी कधी बस तापलीच नसे. तरी थांबवो. पाशिंजर बोंबलत. मी म्हनो, इंजन गरम आहे, बसा गुपचूप."

बाई हसल्या. "मी नवी नवरी होती तवा लय बसा थांबत इथं. सासू म्हने, आपल्या गावाजवयच कशा तापतात बाप्पा साऱ्या गाड्या?"

"तुमचं पानी गोडं होतं," बाबा म्हणाले.

"जाळी ठोकली आता. पोरं वाकतात. नाईतर दोर देला असता तुमाले."

बाबांनी पुन्हा एकदा त्या जाळीकडे पाहिलं. बाईंनी तांब्या पुन्हा भरून त्यांच्यापुढं ठेवला.

निघताना बाबांनी त्यांच्याकडे हळद मागितली. मला वाटलं, हाताला काही लागलं असेल. पण त्यांनी मूठभर हळद बादलीत कालवली आणि ते पिवळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. बारीक भोक असलं की हळद जाऊन बसते, असं म्हणाले. इंजिन सुरू केल्यावर पहिल्यांदा फोडणीसारखा वास आला. बाई ओसरीतून म्हणाल्या, "आता तिखट-मीठ बी टाका," आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. पिचकारीची धार खरोखर बारीक झाली होती. आता नुसतेच थेंब.

मूर्तिजापूरला पोचेपर्यंत बाबा झोपले. उजवा पायही हलला नाही.

रेडिएटरवाल्याचं दुकान म्हणजे टिनाचं छप्पर आणि पुढं पाण्याचं काळपट टाकं. त्यानं पाणी खाली सोडलं आणि पिवळं पाहून ओरडला, "कढी केली का काकाजी?" मग रेडिएटर काढला, तोंडं बंद करून टाक्यात बुडवला आणि एका नळीतून हवा सोडली. जिथं भोक होतं तिथून बुडबुडे वर आले. एक ओळ मोठ्या बुडबुड्यांची, आणि पलीकडे दुसरी, अगदी बारीक, मोत्यांच्या सरीसारखी. बाबा उकिडवे बसून ते पाहत होते. मीही बसले. बाहेर गाव चाललं होतं, आम्ही बुडबुडे पाहत होतो.

"ड्रायव्हर कोन आहे?" त्यानं झाळता झाळता विचारलं.

"पोरगी," बाबा म्हणाले. "मी पाशिंजर."

हे झाळलेलं फार दिवस चालणार नाही, कोर सडली आहे, नवीन बसवून घ्या, असं त्यानं सांगितलं. त्याप्रमाणे पुढं पावसाळ्यात अमरावतीला नवीन रेडिएटर बसवलाही. ते काम तासाभरात झालं. त्यातलं मला काहीही आठवत नाही.

अकोल्यात शिरलो तेव्हा ऊन कललं होतं. बारसं केव्हाच आटोपलं होतं. आत्या फाटकातच उभी. "सकायपासून निंघाले अन आता येऊन राह्यले? कुठं होते बाप्पा?"

"पानी पेत पेत आलो," बाबा म्हणाले.

आत्याला ते काही समजलं नाही. ती रागावतच त्यांचा हात धरून आत घेऊन गेली आणि त्यांना पाळण्याजवळच्या खुर्चीत बसवलं. कोणीतरी त्यांच्या कानाशी बाळाचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, मान डोलावली आणि पाळण्याची दोरी मागून घेतली.