मालवणचा लाल भात, शेलूबाजारची हळद

मालवणहून निघून जऊळका स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची पिशवी एक आणि लाल उकड्या तांदळाच्या दोन होत्या. लेक मुग्धा इकडे शेलूबाजारला दिली आहे. तिला तिसरा महिना लागला होता आणि अन्न पोटात ठरत नव्हतं. फोनवर म्हणाली, "आई, आपली पेज हवी गो." मग मला घरात बसवेना.

जीपमध्ये एक पिशवी उसवली आणि तांदूळ सीटखाली पसरले. शेजारच्या आजोबांनी ओंजळभर उचलून न्याहाळले.

"बाई, ह्या तांदयाले रंग कायले देल्ला?"

"रंग नाही, तो शेतातच लाल पिकतो."

"बाप्पा!" म्हणत त्यांनी जीप थांबवायला लावली आणि दाणा न् दाणा वेचून दिला. ही माणसं मला तिथंच आवडली. बाहेर पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, मधेच हळदीची रुंद हिरवी पानं.

मुग्धाला पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. शेजारच्या खालांनी (मुसलमान मावशींनी) प्रेमानं पाठवलेला जर्दा (सुक्या मेव्याचा पिवळा गोड भात) तिच्या उशाशी तसाच झाकलेला.

विहीणबाईंनी मला चुलीकडे फिरकू दिलं नाही. "तुमी पावन्या हाय, ईनबाई. बसा." तांदूळ मुग्धासाठी शिजवा एवढं सांगून मी आंघोळीला गेले. आले तर भात वेळून, पाणी काढून तयार!

"पेज कुठाय?"

"कोनती पेज? लाल पानी निंगालं. मले वाटलं रंग उतरून राह्यला. म्हशीले पाजून देलं."

दोन दिवसांचा प्रवास म्हशीच्या पोटात! "अहो, त्या पाण्यासाठीच तर आले मी!" माझा आवाज चढलाच. विहीणबाईंचा चेहरा पडला. आणि आतून मुग्धाच्या हसण्याचा आवाज आला. खदखदून हसत होती पोरगी.

विहीणबाई कामाला लागल्या. सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून, तिखटमीठ घालून गोळे वळले. माझ्या लाल भातात घरची हळद कालवून त्यावर ते वाफवले. हा गोयाभात (गोळाभात). वर कडकडीत फोडणी ओतली. एवढं तेल हिला सोसेल का, ही काळजी मला लागली होती.

मुग्धानं गोळा कुस्करला. एक घास, मग दुसरा. ताट रिकामं झालं.

"आई, मले अजून एक गोया द्या."

ती माझ्याकडे नाही, विहीणबाईंकडे बघत होती. त्यांनी एकाऐवजी दोन वाढले. मला बरं वाटलं आणि वाईटही, खोटं कशाला बोलू? संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. जेवण पोटात ठरलं.

निघताना त्यांनी हळदीची पुडी माझ्या पिशवीत कोंबली. मालवणला घरी आल्यावर लाल भातात ती चिमूटभर घातली.

"ह्या काय केलंस गो? पेज खंय?" आमच्या ह्यांनी विचारलं. "आणि मुग्धानं खाल्ली काय?"

"पेज नाही," मी म्हटलं. "पोटभर जेवली. तिच्या घरी असंच करतात. तुम्हीही जेवा."

मुग्धाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली. 'तिच्या घरी' हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं.