चादरीचं दुसरं टोक

आमच्या लाँड्रीत तिला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी आली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो दाराला कुलूप लागेपर्यंत. शेजारीण, बसचा कंडक्टर, स्वतःचा दुखरा गुडघा, कुणाचीही सुटका नाही. आणि सगळ्यात जास्त बोलायची ती पोरीबद्दल. नववीतली पोर, एकुलती एक, नवऱ्याच्या मागे हिने एकटीने वाढवलेली. ऐकून ऐकून आमचे कान किटायचे.

ती पोर तापाने गेली. थोड्या दिवसांनी रेडिओ कामावर आली आणि तिने तोंडात जी मिठाची गुळणी धरली, ती धरलीच.

तिचं काम घड्या घालायचं. हॉटेलांच्या मोठाल्या चादरी एकटीला आवरत नाहीत. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, टोकं धरून ताणतात, मग एक "ये" म्हणते आणि दोघी अर्धं अर्धं अंतर चालत येऊन टोकाला टोक जुळवतात. तिची जोडीदारीण लंबू. लंबू "ये" म्हणायची आणि ही जागच्या जागी उभी. कुठे बघत असायची कोण जाणे. मग लंबू स्वतःच सगळं अंतर चालत जायची, तिच्या हातात टोकं द्यायची आणि माघारी यायची. दिवसभर हेच. संध्याकाळी लंबूचे पाय भरून यायचे, पण तिने कधी चकार शब्द काढला नाही. "ये" म्हणायचंही सोडलं नाही.

लोक येऊन शहाणपण शिकवून जात होते. म्हणे मन घट्ट कर. मन म्हणजे काय बरणीचं झाकण आहे? लंबू मात्र तिला रोज जेवायला आपल्या घरी न्यायची. त्या घरात घरचीच माणसं मावत नव्हती, तरी लंबूची सासू हिच्यासाठी भिंतीकडची जागा अडवून ठेवायची. तिथेही ही गप्पच. कुणी तिला बोल म्हणत नव्हतं.

मालकीण काही वाईट नव्हती, पण काम मागे पडत होतं. असंच चाललं तर दुसरी बाई बघावी लागेल, असं तिने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. कामावरून काढलं तर रेडिओ घरी खोलीत एकटी, समोर पोरीचं दप्तर. ती खचून संपलीच असती. मी इस्त्री सोडून घड्यांना हात लावायला धावू लागले आणि त्या नादात उशांचे दोन अभ्रे जाळले.

एका दुपारी लंबूने "ये" म्हटलं आणि रेडिओ चालू लागली. आम्ही बघतच राहिलो. पण ती अर्ध्यावर थांबली नाही. तशीच चालत गेली आणि लंबूच्या अंगावर डोकं टेकून उभी राहिली. धुतलेली चादर ओल्या फरशीवर पडली. नेमकं ते मालकिणीने पाहिलं.

"ती परत धुवायला टाका," एवढंच मालकीण म्हणाली, आणि तिने मशीन बंद केलं.

मग रेडिओ बोलली. "लहानपणापासून पांघरूण लाथाडायची गं ती. कितीदा घाला, पायानं ढकलून द्यायची. त्या दिवशी मी गळ्यापर्यंत घातलं, आणि तिनं काढलंच नाही."

मला तिथे उभं राहवेना. लंबूने मात्र तिला आणखी जवळ घेतलं.

"अजून सांग," ती म्हणाली.