वहीतलं एक अक्षर

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. लेकीजवळ नाही, बहिणीजवळ नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या बायकांजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर बहुधा सांगितलं नसतं.

सुरुवातीला ही एका बोक्याची गोष्ट वाटेल. मीही बरीच वर्षं मनाला तसंच समजावत होते. बोक्याचं तर झालं, त्यात काय एवढं?

मी आरोग्यसेविका होते. वेल्हे तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर अठ्ठावीस वर्षं लसी टोचत फिरले. मालक भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. ते रिटायर झाले त्याच महिन्यात पानशेतहून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली एक तांबडं पिल्लू सापडलं, ते रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले. त्याचं नाव गोट्या. लेक लग्न होऊन चिंचवडला गेलेली, मी तेव्हा अजून नोकरीत. दिवसभर घरात हे दोघंच असायचे.

गोट्या नऊ-दहा वर्षांचा झाला, तोवर मीही रिटायर झाले होते, तेव्हा तो एकाएकी पाणी फार प्यायला लागला. खायचा भरपूर आणि वाळत चालला. मग मागचे पाय टेकवून चालायला लागला, ससा बसतो तसे. नसरापूरला जनावरांची एक डॉक्टरीण होती, तिशीच्या आतली. तिनं रक्त तपासलं आणि म्हणाली, शुगर आहे. मांजराला शुगर?

तिनं नीट समजावून सांगितलं. आधी खायला घालायचं, खाल्लं तरच सुई. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट. बाटली हलवायची नाही, तळहातांत हलकेच फिरवायची. कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त मशीनवर घ्यायचं आणि आकडा वहीत लिहायचा. डोस वाढवायचा झाला तर अर्ध्या युनिटानं, तोही आठवडाभर वाट बघून, आणि तिला विचारल्याशिवाय नाही. हे शेवटचं ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी नर्स आहे हे तिला कळलं होतं.

मालकांनी वही केली. डेपोतल्या लॉगशीटसारखे पट्टीनं रकाने आखले — तारीख, वेळ, शुगर, युनिट, किती खाल्लं आणि शेवटी कोणी दिलं. सकाळी ते द्यायचे आणि आपल्या नावाचं ‘म’ लिहायचे. संध्याकाळी मी द्यायचे आणि ‘सु’ लिहायचे. ज्या माणसानं जन्मभर नट-बोल्टांवर पाने फिरवले त्यानं ती केसाएवढी सुई धरायला शिकायची म्हणजे काय, ते मी बघितलंय. आधी पाण्यानं भरून टोमॅटोवर सराव केला. गोट्या त्यांच्या मांडीवर डोळे मिटून पडायचा, त्याला सुई लागलेली कळायचीही नाही. माझ्या हाताखालून मात्र पळायचा.

तीन आठवडे झाले तरी आकडा साडेतीनशेच्या खाली येईना. मी डॉक्टरणीला फोन केला, म्हटलं, डोस पुरत नाही, वाढवू या. ती म्हणाली, “मावशी, घाई करू नका. मांजराची शुगर नुसत्या भीतीनंही वाढते. अजून चार दिवस थांबा.”

मला ते लागलं. का लागलं? ती बरोबर होती म्हणून? तेव्हा ती बरोबर आहे असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटलं, गाई-म्हशी बघणारी ही कालची पोर, हिनं मला सुया शिकवाव्यात? त्या संध्याकाळपासून मी माझ्या मनानं तीन युनिट द्यायला लागले. वहीत दोन लिहायचे. पहिल्या दोन सकाळी आकडा उतरला. मालक खूश झाले — आणि मी मनात म्हटलं, बघा. मग तो पुन्हा चढला.

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी चारशे वीस आले. मालकांनी गोट्याला खाऊ घातलं, सात वाजता दोन युनिट दिले, लिहिले, आणि साडेआठला पिशवी घेऊन बाजाराला गेले. नऊला मी पुन्हा कान टोचला. आकडा तसाच. दोन तासांत इन्सुलिन पुरतं कामालाही लागत नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतं. मी माणसांना हेच तर सांगत आले होते. तरी बाटली काढली आणि आणखी तीन युनिट दिले. वहीत काही लिहिलं नाही. मनात होतं — दुपारी आकडा खाली आलेला दाखवीन.

बारा वाजता तो स्वयंपाकघरात भिंतीला धरून चालायला लागला. मग पडला. तोंडाला फेस, चारही पाय ताठ. मी साखरेचं पाणी बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळलं, मशीन लावलं तर अठ्ठावीस. तेवढ्यात मालक आले. पिशवी दारातच टाकली. डॉक्टरणीला फोन लावला; ती म्हणाली, साखर चोळत राहा आणि लगेच घेऊन या, वही आणा. ते रिक्षा बघायला धावले.

मी वही उघडली. खरं लिहायलाच उघडली होती — हे खरं आहे, पण याचा काही उपयोग नाही. डॉक्टरणीला डोस कळला पाहिजे म्हणून मी पेन्सिलीनं त्यांच्या ओळीखाली ‘३’ लिहिलं. वेळेच्या रकान्यात ‘नऊ’ लिहायचं, तर ‘आठ’ लिहिलं. आठला ते घरात होते. मग शेवटचा रकाना राहिला. तिथं मी ‘म’ लिहिलं.

एवढंच. एक अक्षर. किती वेळ लागला असेल?

दवाखान्यात डॉक्टरणीनं सलाईनमधून ग्लुकोज सोडलं, गोट्याचे पाय सैल झाले, मग तिनं वही बघितली. “एका तासात दोन सुया? आणि दुसरी तीनची?”

मालकांनी वही हातात घेतली. चष्मा पुसला. त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“म्या दिली का गं परत?” त्यांनी मला विचारलं. “मला आठवंना.”

त्या वेळी मी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती पोरगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “दिली असेल. बाजाराच्या घाईत व्हता तुमी.”

गोट्या वाचला. संध्याकाळी घरी आला, दूध मागायला लागला. पुढे दीड वर्ष जगला, दोनच युनिटांवर — डॉक्टरीण म्हणाली होती तसाच आकडा हळूहळू उतरला. मालकांनी मात्र सुईला परत हात लावला नाही. मांडीवर घ्यायचे, मी टोचायचे.

तिथंच थांबलं असतं तर मी हे सांगायला बसले नसते. त्यांनी आधी स्कूटर सोडली. म्हणाले, “सुई इसरलो, उद्या ब्रेक इसरीन.” मग गॅसजवळ जाईनात. दर पौर्णिमेला विहारात वंदना घ्यायला पुढे तेच बसत, पंचवीस वर्षं बसत होते, सगळं तोंडपाठ. ते पुढे बसायचे थांबले. मधेच विसरलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मागच्या भिंतीला टेकून बसायला लागले. मी बायकांमध्ये बसून सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तेही म्हणायचे, आवाज न चोरता.

लेकीनं त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. त्यानं सांगितलं, बुद्धी तल्लख आहे, वयाच्या मानानं उत्तम. मला केवढं हायसं वाटलं — वाटलं, चला, मिटलं. मालक म्हणाले, “त्या डॉक्टरला वही कुठं दाखीवली आपण?”

मला सांगायला जागा नव्हती असं नाही. रोज होती. “मी बीपीची गोळी घेतली का गं?” असं ते रोज विचारायचे, आणि घेतलेली असायची, दर वेळी घेतलेली असायची. मी म्हणायचे, “घेतलीत.” पुढचं वाक्य तोंडात तयार असायचं. तुम्ही कधी विसरलाच नव्हतात. पाच शब्दसुद्धा नाहीत. मी भाजी निवडत बसायचे.

आणि त्याहून वाईट सांगू? मला ते सोयीचं झालं होतं. माझं कोणी ऐकत नाही अशी माझी जन्माची तक्रार होती, आणि आता घरातला माणूस प्रत्येक गोष्ट मला विचारून करत होता.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी लेक खाली औषधं आणायला गेली होती, आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला — असं ते कधी करत नसत. म्हणाले, “गोट्याला त्या दिवशी म्या मारत व्हतो. तू साखर चोळलीस म्हणून जगला. आणि येवढ्या वर्षांत तू मला येकदाबी बोलली न्हाईस.”

त्यांनी हे डेपोतल्या माणसांनाही सांगितलं होतं, विहारातही सांगितलं होतं. बायको कशी असावी, तर अशी. ते मला नंतर, लोक भेटायला आले तेव्हा कळलं.

मी म्हटलं, “असू द्या. झोपा आता.”

दुसऱ्या दिवशी ते ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नाहीत. त्यांची आठवण शेवटपर्यंत शाबूत होती. हे त्यांना सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते त्यांच्या उशाशी बसून त्यांना झोपायला सांगत होतं.