सुकन्याचं नाव

मला डान्सहॉल, ते जमैकाचं नाचाचं संगीत, आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं त्या गाण्याच्या प्रेमापोटी लिहिलंय असं कुणाला वाटायला नको. छातीत धडधडणारे ते स्पीकर, सांडलेल्या बिअरचा वास, कंबर हलवत जमिनीला टेकणाऱ्या मुली. सुकन्याच्या पहिल्या कार्यक्रमाहून आल्यावर मी आधी केस धुतले. पण खरी किळस मला तिथे आली नाही. ती आली स्टुटगार्टच्या आमच्या मंडळात, थर्माकोलच्या मखराशेजारी, बुंदीचा लाडू खाताना.

सुकन्या ही प्रभाची मुलगी. प्रभा माझी शेजारीण, एका जिन्यातली. तिचे यजमान पद्माकरराव आणि आमचे हे एकाच कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या. प्रभाची ख्याती एकच, उखाणा. बाकीच्या बायका पाठ करून आलेलं म्हणायच्या, ही समोरच्या वाटीवर, पडणाऱ्या बर्फावर, कुणाच्या नव्या पडद्यांवर तिथल्या तिथे जुळवून नवऱ्याचं नाव घ्यायची. लहानगी सुकन्या शेजारी बसून मांडीवर ठेका धरायची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. उखाणा मात्र मराठीतच म्हणायची, कधी बाहुलीचं नाव घेऊन, कधी ट्रामच्या ड्रायव्हरचं.

पुढे ती युगेंडहाउसमध्ये, म्हणजे पोरांच्या त्या सरकारी क्लबात, जायला लागली आणि तिथे तिला डान्सहॉल सापडलं. त्यात ठेका तयार असतो, त्याच ठेक्यावर ज्याने त्याने आपले शब्द बसवायचे. मोठाले स्पीकर घेऊन फिरणाऱ्या टोळ्या असतात, त्यांचे सामने होतात, आणि आपल्या टोळीचं नाव गुंफलेलं खास गाणं गायकांकडून करून घेतात. जिचं नाव जास्त झोकात घेतलं जाईल ती टोळी जिंकली. सुकन्याला यात नवीन ते काय शिकायचं होतं? मॅनहाइमपासून बर्लिनपर्यंतची पोरं तिच्याकडून आपल्या टोळीचं नाव गुंफून घ्यायला लागली.

पद्माकररावांनी मात्र तोंड फिरवलं. "असली थेरं माझ्या घरात चालणार नाहीत," म्हणाले. पोरगी युनिव्हर्सिटी सोडून मैत्रिणींबरोबर राहायला गेली. मंडळातल्या बायकांना महिनाभर पुरेल एवढा चघळायला विषय मिळाला. जाताना ती मला जिन्यात तिच्या त्या जर्मनमध्ये म्हणाली, "मावशी, माझ्या नावाची रेकॉर्ड निघाली ना, की बाबा ऐकतील. गेनाऊ, अगदी तेव्हाच परत येईन." एवढंच तिला हवं होतं, स्वतःच्या नावाची रेकॉर्ड.

ती रेकॉर्ड २००४ साली निघाली. राल्फ नावाच्या बर्लिनच्या निर्मात्याने काढली. गाणं जर्मन, मध्ये दोन ओळी मराठी, अगदी प्रभाच्या चालीत. उन्हाळाभर ते टीव्हीवर वाजलं. पण पडद्यावर सुकन्या नव्हतीच. कोलोनची कुठलीशी मॉडेल, बारीक, गोरी, कपाळाला रुपयाएवढी टिकली, ओठ हलवत होती. नाव ठेवलं होतं 'रानी'. सुकन्या सावळी आणि अंगाने भरलेली. राल्फने तिला सांगितलं होतं, लोकांना इंडियन मुलगी हवी, पण पाहायला बरी हवी. हे तो हसत, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. हे मला तिनेच सांगितलं.

"आणि तू ऐकून घेतलंस?" मी विचारलं.

"आल्झो, अगं मावशी, गाणं तर बाहेर आलं ना," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्याच वर्षीच्या गणपतीत मनोरमाबाईंच्या मुलीने त्या गाण्यावर नाच केला. मनोरमाबाई म्हणजे मंडळाच्या अध्यक्षीणबाई. सुकन्याच्या क्लबांबद्दल सर्वांत जास्त त्याच बोलल्या होत्या. आता टाळ्या वाजवत म्हणाल्या, "जर्मन टीव्हीवर मराठी! आणि ती रानी किती शुद्ध बोलते हो, संस्कार दिसतात." लोकांनी शिट्ट्या मारल्या, वन्समोअर घेतला. प्रभा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, कारण न वाजवून कसं चालेल? पद्माकरराव माझ्या शेजारी लाडू खात होते. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बरं झालं, चेहरा आपल्या पोरीचा नाही ते."

मी उरलेला लाडू ताटलीत परत ठेवला. शिसारी आली मला त्या माणसाची. राल्फने निदान पैशासाठी केलं होतं. यांना पोरीचा आवाज चोरीला गेल्याचं सुख होतं.

पुढच्या जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू झालं. सुकन्या आईला गाडीने सोडायला आली होती, मीच तिला ओढून आत आणलं. मनोरमाबाईंनी तिला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि प्रभाला आग्रह केला, "चला, नाव घ्या. तुमच्याशिवाय मजा नाही." मागे सीडीवर तेच गाणं चालू होतं. प्रभा उठली. पदर सारखा केला. गाण्याच्या ठेक्यावर म्हणाली:

"ओठ हलवते दुसरी, टाळ्या मिळतात तिला,
सुकन्याचा आवाज तो, जन्म दिला मी जिला."

सीडी वाजतच होती आणि त्या दोन मराठी ओळी आल्या तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम कोपऱ्यात बसलेल्या सुकन्याकडे वळल्या. मनोरमाबाईंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. सावरून म्हणाल्या, "अहो प्रभाताई, पण नाव यजमानांचं घ्यायचं असतं."

"त्यांचं पुष्कळ वर्षं घेतलं," प्रभा म्हणाली. "हिचं राहिलं होतं."

सुकन्या उठून आईजवळ गेली आणि म्हणाली, "आई, ते परत म्हण." मराठीत.

राल्फला तिने सोडलं. मोठी रेकॉर्ड पुन्हा काही निघाली नाही. पण लहान लहान मंचांवर ती स्वतःच्या चेहऱ्याने, स्वतःच्या नावाने गाते आणि सुरुवात करते आईच्या त्याच दोन ओळींनी. २००८ च्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या माळावर तिचं भरदुपारी गाणं होतं. प्रभा अगदी पुढे उभी होती. भोवतालच्या जर्मन पोरांना त्या ओळींतलं अक्षर कळत नव्हतं, पण ओळ नावाशी आली की तीच पोरं ओरडायची, "सुकन्या!"

पद्माकररावांनीच आम्हाला गाडीने आणलं होतं. ते पार्किंगमध्ये गाडीत बसून होते. मी जाऊन काचेवर टकटक केली, त्यांनी ती खाली घेतली. "अहो, चला ना. सगळे तुमच्या मुलीचं नाव घेताहेत."

"ऐकू येतंय," ते म्हणाले आणि काच वर केली.

मी परत फिरले, मला न आवडणाऱ्या त्या गाण्याकडे, आणि प्रभाच्या शेजारी उभी राहून घसा फाटेपर्यंत ओरडले.