मला अडाणी समज

पाय वर घेऊन खुर्चीतच मांडी घालायची, चष्मा काढून मांडीत ठेवायचा आणि म्हणायचं, "हं, मला अडाणी समज आणि सांग." हा आमच्या शेजारच्या मावशींचा शिरस्ता. चष्मा काढला की त्यांना समोरचं माणूस धूसर दिसायचं. मला ते फार सोयीचं होतं, कारण कुणी नीट बघत असलं की माझं तोंडच उघडत नसे.

नात्याने त्या माझ्या कुणी नव्हत्या. मूळच्या अमरावतीच्या, सुरतच्या एका बँकेत कारकून, पंचेचाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. उधन्याच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच, म्हणून मावशी. जिन्यात कुणी गुजराती बाई आईला विचारायची, "बेबी बोलती नथी?" की मावशी परस्पर उत्तर द्यायच्या, "बोले छे ने! पण फुकटात नाही बोलत."

मी बारावी सायन्सला होते ते वर्ष सुरतच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गणपती गेले आणि प्लेग आला. शाळा, ट्यूशन, सगळं बंद. पांडेसऱ्याच्या मिलमधले कामगार मिळेल त्या गाडीने गावी निघाले. आम्हीही नाशिकला काकांकडे गेलो. परत आलो तेव्हा पुस्तकं टेबलावर होती तशीच होती. मी मात्र त्यांच्यासमोर बसायचे, पान उलटायचे आणि आत काही जायचं नाही. दहावीला वर्गात पहिली आलेली मी दिवाळीनंतरच्या चाचणीत केमिस्ट्रीत नापास झाले.

मी आईला एवढंच म्हटलं, "मी ड्रॉप घेते." म्हणजे मार्चमध्ये बोर्डाला बसायचंच नाही, पुढच्या वर्षी बघू. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं, "घे. पण मग सायन्स संपलं. घरी राहून बाहेरून बी.कॉम. करायचं." मला फार्मसीला जायचं होतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मावशी वाटी घेऊन विरजण मागायला आल्या आणि आईने त्यांच्यापुढे सगळं ओतलं.

"काहून गं? एक वर्ष जास्तीचं घेऊन काय करशील?" त्यांनी मला विचारलं.

"अभ्यास."

"मग तो आत्ता करायला कोणी हात धरलाय का तुझा?"

मी त्यांच्या हातातली वाटी घेऊन विरजण काढू लागले.

"माझ्याकडं पाह्य. आमच्या बँकेच्या बढतीच्या परीक्षेला मी दर खेपेला बसते. नापास होते, पण बसते. बाकीच्या बाया फॉर्मच भरत नाहीत."

"अहो ताई, तिला हे नका शिकवू!" आई घाबरली.

"नापास व्हायला कशाला शिकवावं लागतं? ते आपोआप येतं. मी बसायला शिकवून राहिली. उद्यापासून ये गं माझ्याकडं. दोघी बसू."

मी गेले. नाही म्हणण्यासाठीही बोलावं लागलं असतं, म्हणून गेले.

त्यांची पद्धत साधी होती. आधी दोघींनी आपापलं वाचायचं, आवाज न करता. मग जे वाचलं ते दुसरीला सांगायचं. दुसरीला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे धरूनच. पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला रासायनिक समतोल आला. मी इंग्रजी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली.

"छान. आता मराठीत सांग."

मराठीत? केमिस्ट्री? माझी शाळा पहिलीपासून इंग्रजी. मी चाचपडत म्हटलं, "म्हणजे... पुढे जाणाऱ्या क्रियेचा वेग आणि मागे येणाऱ्या क्रियेचा वेग सारखा होतो."

"मग क्रिया थांबते?"

"हो."

"थांबली म्हणते, आणि वेग आहे म्हणते. थांबलेल्या रिक्षाला वेग असतो का, बाई?"

हे वाक्य मी दोनदा पेपरात लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळवले होते, आणि त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. बऱ्याच वेळाने म्हटलं, "थांबत नाही, मावशी. तुमच्या बँकेत जितके लोक आत येतात तितकेच बाहेर जात राहिले, तर गर्दी तेवढीच दिसेल. पण माणसं हलतच असतात."

त्यांनी विचार केला. "कळलं. पण पेन्शनच्या दिवशी हे चालत नाही. त्या दिवशी येणारे येतात, जाणारे जातच नाहीत."

त्या वर्षात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मग रोजच जाऊ लागले. त्या मला चेकचे नियम सांगायच्या. चेकवर दोन तिरक्या रेघा मारल्या की काय होतं, ते त्यांना पाठ होतं. मी विचारलं, "पण का?" आख्ख्या शाळेत मी कधी असं विचारलं नव्हतं. त्या अडकल्या, हसल्या, चष्मा चढवून पुस्तक शोधू लागल्या. "इतकी वर्षं बँकेत काढली, कोणी विचारलंच नाही," म्हणाल्या.

उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, सगळी सोसायटी गच्चीवर. आम्हीही उंधियू खाऊन थोडा वेळ वर गेलो, मग मावशींनी मला खाली आणलं. स्पीकरच्या दणदणाटात मला बेंझिन अक्षरशः ओरडून सांगावं लागलं. माझा इतका मोठा आवाज मीच ऐकला नव्हता. शेवटचं वाक्य संपलं आणि वरून कुणाचा तरी पतंग कापल्याचा जल्लोष आला, "काइपो छे!"

"पाह्य," मावशी म्हणाल्या, "बरोबर सांगितलं वाटतं."

मार्चमध्ये मी परीक्षेला बसले. काही चमत्कार झाला नाही, केमिस्ट्रीचा एक आख्खा प्रश्न लिहायचा राहून गेला. पण जे लिहिलं ते समजून लिहिलं, आणि फार्मसीला प्रवेश मिळण्यापुरते मार्क पडले. बाबांना फार्मसीचं मी स्वतः सांगितलं, त्यांच्यासमोर उभं राहून. ते म्हणाले, "आधी का नाही बोललीस?"

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस राहून गेलं असेल. आपण निरोप देतो आणि मग आठवतं, सांगायचं ते सांगितलंच नाही. मावशी त्या वर्षी पास झाल्या. बढतीबरोबर बदलीही आली, दूर कच्छात. त्यांच्या घरात आता एक मारवाडी कुटुंब राहतं. पण मावशी म्हटलं की मला त्यांच्या परीक्षेचा रविवार आठवतो.

माझा निकाल लागल्यानंतरचा तो रविवार. मीच म्हटलं होतं, "मी येते तुमच्याबरोबर." केंद्रावर स्कूटरींवर बसलेले नवरे होते, कडेवर मुलं घेतलेल्या बायका होत्या. मावशींची पालक मी. घंटा झाली. तरुण मुलं उत्तरं ताडून बघत बाहेर पडली. फाटकाशी कुणी उरलं नाही. चौकीदार म्हणाला, "बेन, हवे अंदर कोई नथी." आता आत कुणी नाही म्हणे.

"छे, अंदर छे," मी म्हटलं. "मारां मासी छे."

तेवढ्यात त्या आल्या. केस विस्कटलेले, बोटांना शाई.

"शेवटचा प्रश्न येतच नव्हता गं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "डोकंच बंद. मग म्हटलं, समोर ही पोरगी बसली आहे, हिला काही येत नाही, हिला सांगू या. पेपर ओढून घेतला त्यांनी, तरी मी सांगतच होती तुला."

आभाराचं एक वाक्य मी कितीतरी दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. ते तसंच ठेवून मी पाण्याची बाटली पुढे केली. त्या तिथेच, फाटकात उभ्या राहून, गटागटा प्यायल्या, अर्धं पाणी साडीवर सांडत.