कच्च्या टाक्याच्या बाह्या

सोयाबीनची मळणी सुरू झाली की सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बाया साडीवर पुरुषांचे जुने शर्ट घालतात. लांब बाह्यांचे, कॉलर विरलेले, नवऱ्याने टाकून दिलेले. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगेला सुईसारखं टोक असतं. उघड्या हातांनी दिवसभर तो माल कवेत धरला तर संध्याकाळी हात भाजल्यासारखे लाल होतात. मळणीतून उडणारा भुसा, आमच्याकडे त्याला कुटार म्हणतात, तो बाहीत शिरू नये म्हणून बाया मनगटाशी सुतळी बांधतात. ही रीत कोणी काढली ते माहीत नाही. लहानपणी शर्टातल्या बायांची रांग शेताकडे निघाली की आम्ही पोरं हसायचो. त्या म्हणायच्या, “हसा, तुमच्याच बापाचा हाय.”

मागच्या हंगामात त्याच सुतळीचं टोक मळणी यंत्रात गेलं. आमच्या घरासमोर राहणारी काकू यंत्राच्या तोंडाशी उभी राहून माल आत ढकलत होती. सुतळी तुटली नाही, गाठही सुटली नाही. तिचा उजवा हात कोपरापासून गेला. मी तेव्हा हिंगोलीत होतो, एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होतो. गावी आलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती आणि तिची सासू भाकरी थापत होती. एका हाताने भाकरी थापता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या हंगामात काकूच्या जागी माझी वहिनी उभी राहिली.

आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. आई मी सातवीत असताना वारली. तेव्हापासून मला वाढवलं ते वहिनीने. दादा वायरमनच्या हाताखाली ठेक्यावर काम करायचा. एकदा खांबावरून पडला. कमरेला बांधायचा पट्टा होता, पण तो ठेकेदाराच्या गाडीत होता. तेव्हापासून दादा काठी घेऊन अंगणापर्यंत चालतो. त्यानंतरची माझी शाळा, कॉलेज, हिंगोलीतली खोली हे सगळं वहिनीच्या मळणीतून आणि हळद काढणीतून झालं. तिची मुलगी आता दहावीत आहे. वहिनीचा हात गेला तर आमच्या घरात काय उरेल, याचा विचार मी पूर्ण करू शकत नव्हतो. अर्ध्यावर आलो की उठून पाणी प्यायचो.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आल्या आल्या मी तिला म्हणालो, “वैनी, तू मागं सर. गंजीवरून माल देत जा. तोंडाशी दुसरं कोणी उभं राहील.”

“दुसरं कोण?” ती कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, “एक नाव सांगा भाऊजी. मी उद्याच सरते.”

मी मनात गावातली एकेक बाई यंत्रापुढे उभी केली आणि लगेच मागे घेतली.

मग मी शिकलेला माणूस करतो तसं करायला लागलो. आधी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथले साहेब भले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, “सर, अपघात झाल्यावरचा अर्ज आहे माझ्याकडे. अपघाताच्या आधीचा कोणता अर्ज असतो, तुम्हीच सांगा.” त्यांनी टोमणा मारला नव्हता, ते खरंच विचारत होते.

तिथून मशीनच्या मालकाकडे. तो गावातलाच, आम्ही त्याला मामा म्हणतो. मी त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. यंत्राच्या तोंडाला हातापेक्षा लांब, वरून झाकलेलं पत्र्याचं तोंड बसवायचं. माल त्यातून आत सरकेल, पण माणसाचा हात पात्यांपर्यंत पोचणारच नाही.

मामाने चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं. “पोरा, मला का वाईट वाटत न्हाई व्हय? काकूसंगं दवाखान्यात मीच होतो बसून. बसव तू. पण माल कमी पडला तर मला बोलू नको.”

सेनगावला एक वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडे गेलो. तो साधा काळा गॉगल लावून वेल्डिंग करत होता. डोळ्यांतून सारखं पाणी गळत होतं, ते खांद्याला पुसायचा आणि पुन्हा ठिणगी पाडायचा.

मी म्हणालो, “तुम्ही काचेचा मुखवटा काहून लावत नाही?”

“लावला तर दिसत न्हाई, न लावला तर डोळे जातेत,” तो हसला. “म्हणून अधून-मधून गॉगल. सर, तुमी बायांचे हात वाचवा, माझ्या डोळ्याचं पुढच्या साली बघू.”

पत्र्याचं तोंड त्याने चांगलं बनवलं. काठ घासून दिले, कोणाला लागू नये म्हणून. ते टमटममध्ये घालून गावी आणताना मला फार वर्षांनी शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटत होतं. मामाने ते नटबोल्टने बसवलं. मशीनबरोबर फिरणाऱ्या बायांच्या टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला सगळे आत्या म्हणतात. तिने त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, “नवरीसारखं घुंगट घातलंय की मशीनला.” बाया हसल्या. वहिनीही हसली.

पहिल्या शेतात काम ठीक झालं. माल खडखडीत वाळलेला होता. दुसऱ्या शेतावर रात्रीच्या दवाने गंजी आतून ओलसर होती, वरून आभाळही भरून आलं होतं. ओला माल पत्र्याच्या तोंडात अडकून बसू लागला. वहिनी काठीने ढकलायची, तो थोडा सरकायचा, पुन्हा अडायचा. मशीन नुसतं मोकळं गरगरत राहायचं. टोळीला मजुरी कट्ट्यावर, म्हणजे भरलेल्या पोत्यांवर असते. कट्टे निघाले नाहीत तर दिवस वाया. शेताचा मालक बांधावरून ओरडत होता की पाऊस आला तर सगळं काळं पडेल, आणि शेजारच्या गावातलं दुसरं मशीन त्याने बोलावूनही ठेवलं होतं.

दुपारी भाकरीच्या वेळी आत्या माझ्याजवळ आली. हळू आवाजात बोलली, मला वाईट वाटू नये म्हणून.

“लेकरा, तुझं डोकं चांगलंय. पण हा पत्रा काढाय सांग.”

“आत्या, काकूचा हात...”

“मीच बांधला होता फडक्यात तिचा हात. मला नको सांगू. पण आमी धाजणी हाव. ते दुसरं मशीन आलं तर त्याची टोळी येती. मग आमी कुठं जावं?”

मी वहिनीकडे पाहिलं. मला वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल. ती पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाली, “काढा, भाऊजी. आमच्यापायी धा घरं उपाशी नको.”

मामाने बोल्ट खोलले. पत्र्याचं तोंड बांधावर पडलं. संध्याकाळपर्यंत त्या शेताचा सगळा माल निघाला आणि पाऊस आलाच नाही.

त्यानंतरचे दिवस मी घरात बसू शकलो नाही. रोज टोळीबरोबर शेतात जायचो. गंजीवरून माल काढून द्यायचो, कुटार ओढायचो. मी पुढे उभा राहतो म्हणालो तर मामाने एकदा राहू दिलं. माझे हात इतके घाबरट झाले होते की माल तोंडाबाहेरच सांडायला लागला. वहिनीने मला खांद्याने बाजूला सारलं. “हे काय फळ्यावर लिहायचंय व्हय? सरका.”

ते घडलं तेव्हा मी गंजीवर होतो. ओल्या मालाची एक गुंडाळी तोंडात अडली, मशीनचा आवाज जड झाला, वहिनीने ती दोन्ही हातांनी आत रेटली, आणि तिची डावी बाही आत गेली. ती ओरडली नाही. ओरडली ती आत्या. मी उडी मारली तेव्हा ट्रॅक्टरवरच्या मामाने यंत्र फिरवणारा पट्टा सोडला होता, पण आतला पात्यांचा फिरणारा ढोल लगेच कुठे थांबतो. मग कापड फाटल्याचा लांब आवाज आला. वहिनी मागे जमिनीवर पडली. खांद्यापासून बाही गेली होती. हात होता.

मी तो हात बोटांपासून खांद्यापर्यंत चाचपला. कोपरापर्यंत कातडं सोललं होतं, रक्त होतं, पण पाचही बोटं हलत होती. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “हाय का? हाय का भाऊजी?” तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता.

आत्याने शर्टाचा उरलेला खांदा दोन बोटांत धरला आणि अंगठ्याने दाबला. कापड तिथेच टरकलं. “कुजकं होतं म्हणून,” ती म्हणाली. “मनगटाला सुतळी बांधली नव्हती म्हणून.” सुतळी त्या सकाळी संपली होती. तेवढंच कारण.

वहिनीला सावलीत बसवलं. कोणी पाणी दिलं, कोणी हातावर पदर फाडून बांधला. थोड्या वेळाने टोळीतली दुसरी एक बाई उठली, शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि यंत्राच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मामाने पट्टा चढवला. मला वाटलं, मी ओरडावं. पण ओरडून कोणाला काय सांगायचं होतं? पत्रा बसवा, असं? की घरी जा?

वहिनी दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं, “भाऊजी, तुमचा एखादा जुना शर्ट हाय का? माझा तर गेला.”

“तू जाणारेस?”

“मग कोण जाणार? तुमच्या दादाला पाठवू व्हय?” ओसरीवरून दादा म्हणाला, “पाठव की. मशीनच घाबरल मला बघून.” ती हसली. मग तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

मी कपाट उघडलं. माझे शर्ट म्हणजे पॉलिस्टरचे, कॉलेजात घालायचे, दोन्ही हातांनी ओढले तरी न फाटणारे. कुजकं कापड आमच्या घरात एकही उरलं नव्हतं. तिला यातला कोणताही दिला तरी बाहीबरोबर हात जाणार होता.

मग मी ब्लेडने एका शर्टाच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून उसवल्या. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आमच्या गुरुजींनी मुलांनाही धावदोरा शिकवला होता, त्यांचे उपकार मी मानतो. लांब लांब कच्च्या टाक्यांनी मी बाह्या पुन्हा अडकवल्या. कफाची बटणं तोडली. सुतळी बांधू नको म्हणालो, त्याऐवजी कफावर पातळ कागदी चिकटपट्टी गुंडाळली, ओढली की फाटणारी.

वहिनीने शर्ट घातला. मी बाही धरून जोरात ओढली. ती माझ्याबरोबर पुढे खेचली गेली, बाही निघाली नाही. टाके आणखी सैल केले. दुसऱ्यांदा ओढल्यावर बाही माझ्या हातात आली आणि ती जागीच उभी राहिली.

“आलं की!” मी म्हणालो.

“आलं,” ती म्हणाली. “पण मशीन तुमच्यावानी हळू वढतं व्हय, भाऊजी?”

मी बाही पुन्हा शिवून दिली आणि ती शर्ट घालून निघाली. मी मागोमाग गेलो.

शेतात आत्याने तो शर्ट पाहिला, बाही ओढून पाहिली, आणि आपला शर्ट अंगातून काढून माझ्या मांडीवर टाकला. मग दुसरीने टाकला. त्या दिवशी मी बांधावर बसून बाह्या उसवत आणि शिवत होतो, आणि तिकडे वहिनी यंत्राच्या तोंडाशी उभी होती. ओला माल आत गेला की मशीनचा आवाज जड व्हायचा आणि माझी सुई थांबायची. आवाज पुन्हा मोकळा झाला की मी पुढचा टाका घालायचो.