पत्रं कोण उघडतं?

दोन हजार पाचच्या सुमारास लंडनमधल्या वेम्बलीच्या देवळाबाहेर दर रविवारी एक बाई उभी असायची. फक्त बायकांशी बोलायची आणि वहीत लिहिताना पान हातानं झाकायची. नक्की इन्शुरन्सवाली, मला वाटायचं.

एकदा तिनं आमच्या हिला विचारलं, "ताई, तुमच्या नावाची पत्रं घरात कोण उघडतं?"

"हेच उघडतात," ही म्हणाली.

"तुम्हाला काय करायचंय?" मी उखडलो.

"कॅन्सरच्या तपासणीचं बोलावणं पत्रानं येतं. तरी आपल्या बायका का येत नाहीत, हे मी बारा वर्षं शोधतेय," ती शांतपणे म्हणाली.

गाडीत हिनं विचारलं, "मला कधी आलं होतं का हो?"

दोन आली होती. धडधाकट बाईला कसली तपासणी, म्हणून मीच फेकली होती.

"ती बाई मला पहिल्यापासूनच ठीक वाटली नव्हती," मी म्हणालो.